हवेलीच्या विहिरीचा कहवा

ओमानमधल्या सहमच्या जुन्या हवेलीच्या बागेत मी एकोणीस वर्षं माळी आहे, आणि गेले तीन महिने माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण एकच, अश्विन. पुण्याचा इंजिनियर. हवेली पूर्वी होती तशी करून लोकांना दाखवायची, म्हणून कंपनीने पाठवलेला. भिंती त्याने छान केल्या, नाही म्हणत नाही. मग त्याला हिरवळ हवी झाली. इथे लिंबं होती, खजूर होते, एक आंबा होता. हिरवळ कधी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

हिरवळ पाणी ढोसते. विहीर पुरेना, तेव्हा याने पंप वीस फूट खाली सोडला. समुद्र हाकेच्या अंतरावर. अशा विहिरीत गोडं पाणी वर असतं, खाली खारं. आमच्या वेंगुर्ल्यात हे शेंबडं पोरही सांगेल.

"साहेब, वरवरचंच काढायचं, थोडं थोडं," मी म्हटलं.

"काका, टेन्शन नका घेऊ. ओपनिंगला लॉन ग्रीन पाहिजे. खलास."

महिन्याभरात आंब्याच्या पानांच्या कडा करपल्या. अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, आजोबांनी गलबतातून रोप आणून लावलेला आंबा. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब कात्री घेऊन आले. करपलेली पानं कापा, फोटोत दिसतात. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पानं मी कापली नाहीत. अर्बाबचा सकाळचा कहवा, म्हणजे अरबी कॉफी, रोज मीच करतो, बाटलीच्या पाण्याचा. उद्घाटनाच्या सकाळी त्याचा आणि पाहुण्यांचा, दोन्ही विहिरीच्या पाण्याचा केला.

अर्बाब मुस्तफांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दयानंद, ये कौन सा पानी है?"

"बाग का, अर्बाब. आम के पेड को यही देते हैं. तीन महिने से."

अश्विनचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हाताऱ्या अर्बाबला आता नीट दिसत नाही. तो काठी टेकत आंब्यापाशी गेला, एक पान चाचपलं. त्याचा हातात चुरा झाला. त्याने पंप बंद करायला लावला आणि माझ्याकडे वळला.

"मुझे क्यों नहीं बोला?"

इंजिनियरला डावलून मालकाकडे जायचं नाही, ही आमची सवय. तीन महिने रोज सकाळी त्याच्या हातात कप देत होतो, आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं.