वेढ्यानंतरचं अत्तर

मास्तरीणबाईंनी 'अत्तर' या शब्दावर लाल पेन्सिल इतकी दाबून ओढली की कागद फाटला.

"काय झालं?" पलंगावरून आक्कानं विचारलं. कमरेचं हाड मोडल्यापासून ही थोरली बहीण धाकटीकडेच होती. प्रकाशकाकडून तपासायला येणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकथा मोठ्यानं वाचून घेणं, हा तिचा एकमेव विरंगुळा.

"काय व्हायचंय? महाशय महिनाभर वेढ्यात अडकलेले. पाण्याची मारामार, खांद्यात बाणाची जखम. सुटून घरी येतात, ही बया त्यांच्या छातीत तोंड खुपसते आणि तिला वास कसला येतो, तर अत्तराचा. शी."

उभी हयात इतिहास शिकवण्यात गेलेल्या बाईंना असल्या पानांची शिसारी येई. नुसती चूक त्यांनी सोसली असती. ही त्यांना नासक्या दुधात साखर घालण्याची लबाडी वाटे. समासात सुधारणा लिहून त्यांनी ती वाचून दाखवली.

"'घामाची, पुवाची दुर्गंधी नाकात शिरताच तिला उमासा आला. ती दोन पावलं मागे सरली.' हे खरं."

"खरंच आहे," आक्का म्हणाली. "तुझे दाजी आघाडीवरून परत आले, तेव्हा पायाची जखम चिघळलेली. दार उघडलं आणि मला ओकारीच आली. मोरीकडे धावले. तोंड धुऊन आले, तर हे अजून उंबऱ्याबाहेरच उभे. म्हणाले, आधी अंघोळ करतो."

"मग?"

"मग काय. जन्मभर तेच. बाहेरून आले की आधी अंघोळ, मग माझ्याशी बोलणं. शेवटच्या आजारातही मला जवळ बसू देईनात. नर्सला म्हणायचे, तिला वास सोसत नाही."

दाजींच्या टापटिपीची घरात किती थट्टा चाले. मास्तरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"खरं काय ते मला ठाऊक आहे गं," आक्का म्हणाली. "तू त्या लेखिकेनं लिहिलंय तसंच वाच."

"वेढ्यात अत्तर कुठून येणार, आक्का?"

"कुठून का येईना."

मास्तरीणबाईंनी पान पुढ्यात ओढलं. कडू काढा घशाखाली ढकलावा तसं तोंड करून त्यांनी ते वाक्य वाचलं, एकही शब्द न गाळता.

आक्कानं डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.