टेकडीपलीकडचा धूर

ऑर्वो मासे धरायला निघाला की ट्रक भलत्याच तळ्यावर उभा करायचा. सरळ मोठ्या तळ्याच्या धक्क्यावर, चारचौघांना दिसेल असा. मग गळ खांद्यावर टाकून, रानातून दीड तास तंगडतोड करत टेकडीपलीकडच्या त्याच्या तळ्यावर जायचा. नकाशात त्या तळ्याला नाव नव्हतं. खोलात ट्राउट, संध्याकाळी खडकांच्या कडेला पिकरेल, आणि माणूस म्हणून एक तो. कॅनडातल्या ओंटारिओच्या उत्तरेकडच्या त्या फिनिश वस्तीत याला कुणी वेडेपणा म्हणत नसे. तिथला माणूस एक वेळ बायको पळून गेली हे सांगेल, पण आपलं तळं खरं सांगणार नाही.

हिल्काला मात्र त्याने सांगितलं होतं. लग्नाच्या चौदाव्या वर्षी, सॉनाच्या गरम वाफेत, दोघं घामाने निथळत असताना. "कुणाला बोललीस तर बघ," म्हणाला. "कुणाला म्हणजे कुणालाही."

आणि अकरा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात ऑर्वो घरी आला नाही, तेव्हा ती बोलली नाही. दोन दिवस.

लोकांना ट्रक सापडला आणि त्यांनी मोठं तळं पिंजून काढलं. ढग इतके खाली उतरलेले की विमान उडेना. हिल्का धक्क्यावर उभी राहून थर्मासमधली कॉफी ओतत होती आणि मनात म्हणत होती, येईल. येईल, आणि मी बोलले असले तर, माझं तळं अख्ख्या गावाला दाखवलंस म्हणून मरेपर्यंत टोमणे मारेल. दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्याबरोबर धुराचा वास आला. ओल्या स्प्रूसच्या लाकडाचा. "कुणीतरी जेवण करतंय," घोळक्यातून कुणी म्हणालं, आणि तीही तसंच धरून चालली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिने नकाशावर बोट ठेवलं. "कधीकधी इकडेही जायचा, असं वाटतं." बाई डोक्याची हो, लोक म्हणाले. धाकटा दीर रेइमा सगळ्यांच्या पुढे धावत गेला. संध्याकाळी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. "खडकावरून घसरला. डोक्याला लागलं. लगेच गेला, वहिनी. त्याला कळलंसुद्धा नसेल." पुढे मरणाच्या चौकशीचा सरकारी कागद आला तोही तिने न उघडता रेइमाच्या हातात दिला. त्याने वाचला, घडी घातली आणि पुन्हा तेच म्हणाला. लगेच.

तो शब्द हिल्काने अकरा वर्षं पुरवून पुरवून वापरला. तरी धूर यायचा. हिवाळ्यात दारंखिडक्या घट्ट लावलेल्या स्वयंपाकघरात यायचा, चर्चमध्ये यायचा, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आला, तोंड उघडं असताना. ती चूल तपासायची. रेइमाला छपरावर चढवून चिमणी बघायला लावायची. "अगं, आत चमचाभर काजळी नाही," तो वरून ओरडायचा. "नाक बदल तुझं."

नुसतं विचारलं असतं तर तो 'लगेच' म्हणाला असता. त्याच्याकडून खरं हवं असेल तर आधी आपलं खरं द्यावं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मूलबाळ नव्हतं. तिचं म्हणावं असं माणूस आता हा एवढाच उरला होता. म्हणून ती गप्प राहिली, आणि धूर येत राहिला.

या सप्टेंबरात रेइमाच म्हणाला, "गुडघे संपले माझे. शेवटचं एकदा त्या तळ्यावर जाऊन येतो."

"मी येते."

"तू? तुला गळाला आमिष लावता येत नाही."

"तुला तरी कुठे येतं? जन्मभर भाऊ लावून द्यायचा."

"बरं, ये. पण चालताना रडलीस तर तिथेच सोडून येईन, अस्वलांना."

सकाळी निघून दहाच्या सुमारास ते पोचले. ऑर्वोची पत्र्याची होडी स्प्रूसच्या झाडांखाली पालथीच होती. रेइमाने त्या दिवशी घातली होती तशीच. उलटवली तर खालून खारीचं घरटं निघालं. रेइमाने ते दोन्ही हातांनी अलगद उचलून मुळाशी ठेवलं आणि होडी पाण्यात ढकलली.

पाणी काळं आणि स्थिर होतं. पलीकडच्या काठी तो खडक होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. रेइमाने मध्यावर वल्ही थांबवली, माशाला भुलवणारा गळाचा चकाकता पत्र्याचा चमचा पाण्यात सोडला. दोरी खाली जातच राहिली. हिल्काने वेलदोड्याचा पाव कापून त्याच्यासमोर धरला, आणि तेवढ्यात वास आला.

"तुला येतोय?"

"कसला?"

"धुराचा."

"नाही," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन.

हिल्काने पाव खाली ठेवला. "रेइमा, मला हे तळं माहीत होतं."

"माहीत होतं म्हणजे?"

"पहिल्यापासून. त्यानेच सांगितलं होतं. तो गेला त्याच्या बारा वर्षं आधी."

रेइमाने गळाची काठी होडीच्या कडेला टेकवली. मग म्हणाला, "तुला सांगितलं? आणि मला नाही? सख्ख्या भावाला? मी विचारलं की म्हणायचा मोठं तळं, मोठं तळं. त्या मोठ्या तळ्यावर मी उन्हाळेच्या उन्हाळे डास खात बसलो गं!"

तिला हसू फुटणार होतं. पण त्याचा चेहरा बदलत गेला. तो दिवस मोजत होता.

"म्हणजे त्या दोन दिवसांत..."

"हो."

"तू कॉफी ओतत होतीस."

"हो."

गळाची काठी एकाएकी वाकली. खाली काहीतरी मोठं लागलं होतं. रीळ किरकिरत सुटलं, दोरी भराभर गेली. दोघांपैकी कुणी हात लावला नाही. थोड्या वेळाने दोरी सैल पडली.

"आता विचारते," हिल्का म्हणाली. "आणि लगेच म्हणू नकोस. तो लगेच गेला का?"

रेइमाने टोपी काढली. परत घातली.

"मांडीत हाड मोडलं होतं. डोक्याला ओरखडासुद्धा नव्हता. तीन शेकोट्या होत्या. एका ओळीत. रानात माणूस तीन लावतो ते मदतीला बोलवायला, तुला सांगायला नको."

"नको."

"दोन गार होत्या. तिसरीच्या राखेत मी हात घातला."

"आणि?" तिने विचारलं.

"कोमट होती, वहिनी."

पाण्यावर कुठेच काही हललं नाही.

"बाकीचे अजून मागे होते. मी सगळी राख पायाने तळ्यात लोटली."

"मला कळू नये म्हणून?"

"तुझा विचार नंतर आला. आदल्या दिवशी धक्क्यावर वास मलाही आला होता. कुणीतरी जेवण करतंय, असं जो म्हणाला ना, तो मी." त्याने हाताने तोंड पुसलं. "मला वाटायचं, हे असलं डोक्यावर घेऊन जगणारा मी एकटाच."

धुराचा वास अजून होता. रेइमानेही आता मान वळवून हुंगलं, आणि नाही म्हणाला नाही.

तिला वाटलं, तो काहीतरी जहरी बोलेल. बोलावं, असंही वाटलं. त्याने वल्ह्यांना हात घातला, पण पाती पाण्यावर नुसती आपटत राहिली.

"तू घे," तो म्हणाला.

होडी उलटू नये म्हणून दोघं वाकून, एकमेकांचे खांदे धरून, इंचाइंचाने जागा बदलत सरकले. तिचं वय एकसष्ट, त्याचं त्रेसष्ट. मधे एकदा होडी अशी कलली की त्याने तिचा कोट मुठीत घट्ट पकडला, आणि बसल्यावर मूठ सोडायला त्याला वेळ लागला.

हिल्काने वल्ही मारायला सुरुवात केली. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. तिच्या समोर रेइमा होता, आणि त्याच्या खांद्यावरून तो खडक दिसत होता. खाली पाण्यापर्यंत उतरलेला, वरून सपाट, एका माणसाला पाय पसरून बसता येईल एवढा. तिने डोळे हलवले नाहीत.

"नीट चाललेय ना?" तिने विचारलं.

रेइमाने तिच्या पाठीमागच्या काठाकडे पाहिलं.

"जरा डावीकडे घे," तो म्हणाला.