तिसरा नंबर लिंबर्टचा

दंतवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला हत्यारं आपली आपण आणावी लागतात. एप्रिलात प्रात्यक्षिकं सुरू होण्याआधी पेटी दाखवली नाही, तर वर्ष बुडालंच. पेटीची किंमत चोवीसशे बोलिव्हियानो. माझे वडील वीटभट्टीवर कामाला. ते महिन्याला हजार पाठवायचे आणि वीस तारखेला माझ्याकडे बसचेही पैसे नसायचे. कुठे गेले विचारलं, तर मला सांगता यायचं नाही.

सुक्रेच्या बाजारामागे दोन्या सातुर्निनाची खाणावळ आहे; मानाच्या बाईला आमच्याकडे 'दोन्या' म्हणतात. दुपारी आम्ही दहा विद्यार्थी तिथे जेवायचो. फेब्रुवारीत ती म्हणाली, "पोरांनो, पासानाकू लावू या. महिन्याला प्रत्येकी दोनशे चाळीस. ज्याचा नंबर, त्याला सगळी रक्कम."

भिशीच ती. मी म्हटलं, "दोन्या, माझ्याकडे उरतच नाहीत, तर टाकू कुठून?"

"उरायची वाट बघतेस म्हणून उरत नाहीत. बापाचे पैसे आले की आधी माझ्याकडे ये. मग राहतील त्यांत जग."

तसंच केलं. कॉलेजला पायी जायला लागले. सकाळची सालतेन्या, म्हणजे रसदार सारणाची भाजलेली करंजी, रविवारपुरती ठेवली. तिघींत मिळून नोट्सची एकच झेरॉक्स काढली. पहिल्या महिन्यात जीव मेटाकुटीला आला, दुसऱ्यात सवय झाली.

पण चिठ्ठ्यांत माझा नंबर आला नववा. म्हणजे थेट ऑक्टोबर!

मार्च संपत आला. घाबरून मी एका दुकानातून पेटी हप्त्यांवर घ्यायचा कागद आणला. सहीच करायची बाकी होती. दोन्याने हात पुसले, कागद खिडकीजवळ धरला आणि हप्ते मोजले.

"रोस्मेरी, हे एकोणचाळीसशे होतात. पेटीबरोबर तिचं लेकरूही देतायत का गं?"

सगळे हसले. मला मात्र रडू आलं.

"रडून काय होणार? तिसरा नंबर लिंबर्टचा आहे. त्याला विचार."

लिंबर्ट आमच्या दहांतलाच, कायद्याचा विद्यार्थी. दोन महिने तो टेबलावर मोटारसायकलचेच फोटो दाखवत होता. मी कसंबसं विचारलं. तो "बघतो" म्हणाला आणि पुढचे दोन दिवस जेवायलाच आला नाही. संपलं, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी तो आला आणि शेंगदाण्याच्या सूपचा वाडगा पुढे ओढत म्हणाला, "घे माझा नंबर. तुझा मला दे."

"आणि मोटारसायकल?"

"अगं, मोटारसायकल सांगायला. मागच्या वर्षी बहिणीने फीसाठी दिलेले पैसे मी कार्निव्हलात चार दिवसांत उडवले. तिला अजून सांगितलेलं नाही. ऑक्टोबरात ती इथे येणार आहे, तेव्हा मिळाले तर थेट तिच्या हातात ठेवीन. आत्ता मिळाले, तर माझा भरवसा नाही."

कोणी हसलं नाही. दोन्याने त्याच्या वाडग्यात आणखी एक बटाटा टाकला. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू? पेटी मिळाल्यावर पुढचे सात महिने पैसे देशील ना?"

"पळून जाणार कुठे, दोन्या? दुपारची भूक इथेच लागते."

चार एप्रिलला चोवीसशे हातात पडले. वहीत दोन्याने माझ्या आणि लिंबर्टच्या सह्या घेतल्या. त्याच दुपारी मी पेटी रोख घेतली. दुकानदाराने रोखीचे म्हणून ऐंशी कमीही केले.

सोमवारी प्राध्यापकांनी एकेक हत्यार उचलून पाहिलं, यादीत खुणा केल्या आणि म्हणाले, "रोस्मेरी चोके, पूर्ण आहे. खुर्ची क्रमांक सहा." मी खुर्चीशी जाऊन उभी राहिले. तिची पाठ दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले. कित्येक आठवड्यांनी छातीतून पूर्ण श्वास बाहेर पडला. शेजारच्या मुलीने विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"नाही गं," मी म्हटलं, "फार बरं वाटतंय."