तळ दिसला तेव्हा

नॅन्सीचे वडील दौंडला राहायला आले ते थंडी सरताना. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात त्यांना सांभाळणारी बहीण वारली होती, आणि आता त्यांना एकटं ठेवायचं नाही असं नॅन्सीने ठरवलं. तमिळमध्ये वडिलांना आप्पाच म्हणतात, त्यामुळे रेल्वे कॉलनीतही ते आल्या दिवसापासून सगळ्यांचे आप्पा झाले. मराठी त्यांना येत नव्हती. सकाळी ओट्यावर बसायचे आणि यार्डातून हळूहळू सरकणाऱ्या मालगाड्या बघत राहायचे. म्हाताऱ्याला इथे करमत नसेल, असं जावयाला, फिलिपला वाटायचं. नॅन्सी म्हणायची, इथे त्यांना समुद्र ऐकू येत नाही, तेवढं बास आहे.

त्सुनामी आली तेव्हा नॅन्सी आठ वर्षांची होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. आई आणि धाकटा भाऊ इमॅन्युएल गेले. आप्पा पहाटेच बोट घेऊन खोल समुद्रात गेले होते म्हणून वाचले. नॅन्सीला आत्याने वाचवलं. त्यानंतर आप्पा कधी बोटीवर चढले नाहीत. लोकांची फाटलेली जाळी शिवून द्यायचे, तीही घरामागे, समुद्राकडे पाठ करून. नॅन्सी आत्याकडे वाढली, नर्सिंग शिकली, नोकरीसाठी पुण्याला आली, तिथल्या चर्चमध्ये फिलिप भेटला आणि ती दौंडची झाली. इतक्या वर्षांत बापलेकीचं त्या सकाळबद्दल एकदाही बोलणं झालं नव्हतं. नाताळ आला की आप्पा गप्प होत आणि नॅन्सी जास्तीची ड्यूटी मागून घेई.

एप्रिलमध्ये फिलिपच्या मित्राचा, जालिंदरचा, निमोण्याहून फोन आला. दोघं शिरूरला एका बाकावर शिकलेले. जालिंदरच्या शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद एका बाजूला फाटला होता. पाणी सगळं झेंडूला आणि काकडीला देऊन टाकायचं आणि तळं रिकामं करायचं असं त्याने ठरवलं होतं. तळ्यात दोन वर्षांपूर्वी सोडलेले मासे होते. त्याने फिलिपला विचारलं, "तुझे सासरे कोळी हायत न्हवं? येतील का? आमच्या इथं जाळं धरायचं कुणाला ठावं न्हाई."

आप्पा नाही म्हणतील असं नॅन्सीला वाटलं होतं. पण तिने विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की तिथलं पाणी खारं आहे का. गोडं आहे म्हटल्यावर ते उठून चपला शोधायला लागले.

ते पोचले तेव्हा मोटर कधीची चालू होती. उन्हात सगळं शिवार थरथरत होतं, लांबची झाडं पाण्यात उभी असावीत तशी दिसत होती. बांधाच्या दोन्ही बाजूंना झेंडू फुललेला. जालिंदरची आई, सिंधूबाई, लिंबाखाली बाजेवर बसली होती. तिने सगळ्यांना पाणी दिलं, आप्पांना बसायला बाज झटकून दिली. पण आप्पा बसले नाहीत. ते नॅन्सीच्या मागोमाग तळ्याच्या भरावावर चढले.

वर जाऊन नॅन्सी थांबली.

पाणी मधोमध थोडंसं उरलं होतं आणि बघता बघता ते आणखी आत ओढलं जात होतं. भोवतीने ओला काळा गाळ उघडा पडला होता. त्या गाळावर मासे उडत होते. एक उडाला, मग चार, मग सगळीकडे चांदीसारखं लखलखायला लागलं. मोटरची घरघर होती, तरी नॅन्सीला काही ऐकू येईना. आपण कुठे उभ्या आहोत हे तिला कळेना. पायांखाली भुसभुशीत वाळू लागली. तिने ओढणीचा पदर पुढे धरला, झोळी करतात तसा, आणि ती उतारावरून खाली निघाली.

"नॅन्सी, घसरशील," फिलिप खालून म्हणाला.

आप्पांनी तिचा दंड धरला. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, मग तळ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांनी समुद्राचा तळ कधी पाहिला नव्हता. लोकांकडून ऐकलं होतं फक्त.

"असं होतं?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"असंच," ती म्हणाली. आणि मग ती तिथेच भरावावर बसली आणि सांगायला लागली. आधी पाणी थोडं घरांपर्यंत आलं, ती सांगत होती, कोंबड्या भिजल्या, बायका हसल्या. मग ते मागे गेलं. जात राहिलं, जात राहिलं. जिथे कुणी कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथली जमीन उन्हाला आली. लाल दगड होते, हलणारं हिरवं गवत होतं, आणि मासे, मासे. सगळी मुलं धावली. ती फ्रॉकमध्ये मासे भरून आईला दाखवायला परत आली म्हणून आत्याच्या हाती लागली. आत्याने तिला शाळेच्या जिन्यावर ओढलं. आई झोपलेल्या इमॅन्युएलला आणायला घराकडे वळली होती. वळताना तिने मासे पाहिले आणि ती हसली होती.

"फार सुंदर होतं, आप्पा," नॅन्सी म्हणाली. "हे मी कुणाला कसं सांगणार होते?"

आप्पा तिच्या शेजारी बसले. मग त्यांनी हात पुढे केला, तळवा खाली, आणि तो हळूच वर उचलून पुन्हा खाली आणला. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.

"एवढंच," ते म्हणाले. "बोट एवढीच वर आली आणि खाली बसली. आम्ही भात खात होतो. तुझ्या आईने दिलेला. कुणाच्या हातातलं शीतसुद्धा सांडलं नाही. ती लाट माझ्या बोटीखालून गेली, पोरी. तुमच्याकडे जाताना. आणि मला वाटलं, आज समुद्र किती शांत आहे."

त्या दिवशी दुपारी किनाऱ्याकडे परत फिरल्यावर त्यांना पाण्यात चटया दिसल्या, दारं दिसली, घागरी तरंगताना दिसल्या. दुसऱ्याच कुठल्या गावाच्या असतील असं त्यांना वाटलं होतं. ते वल्ह्याने बाजूला सारत आले होते.

नॅन्सीने त्यांचा तो हात आपल्या हातात घेतला. दोघंही रडली नाहीत. खाली झेंडूवर मधमाश्या घोंघावत होत्या.

मोटर हवा ओढायला लागली तसा जालिंदर वर आला आणि अवघडून म्हणाला, मासे मरतील, काय करायचं. आप्पांनी धोतर वर खोचलं. जाळ्याचं एक टोक त्यांनी फिलिपच्या हाती दिलं, एक जालिंदरच्या, आणि कुठे उभं राहायचं ते खुणांनी सांगितलं. आपण स्वतः मधोमध गाळात उतरले. एकदा जाळं आवळल्यावर फिलिप पाठीवर पडला आणि काळाकुट्ट होऊन उठला, तेव्हा आप्पा हसले. मोठे रोहू आणि कटले बर्फाच्या पेट्यांत गेले. लहान होते ते आप्पांनी विकू दिले नाहीत, पिंपात घालून विहिरीत सोडायला लावले.

जेवण झाल्यावर आप्पा लिंबाखाली बाजेवर आडवे झाले आणि त्यांना गाढ झोप लागली. नॅन्सी शेजारी बसून पदराने माश्या वारत होती. सिंधूबाईने विचारलं, मघाशी दोघं एवढं काय बोलत होतात. नॅन्सीने सगळं सांगितलं, मराठीत, पहिल्यांदाच. शेवटी सिंधूबाई म्हणाली, "आन् तुज्या आयचं नाव काय होतं गं?"

दौंडमध्ये हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"ज्ञानम्माळ," नॅन्सी म्हणाली.

"म्हंजी ज्ञानाच की. आमच्या सुनंचंबी तेच नाव हाय, ज्ञानेश्वरी." आणि सिंधूबाईने घराकडे तोंड करून हाक मारली, "ज्ञाना, ए ज्ञाना, जरा बाहीर ये."

जालिंदरची बायको भांडी घासता घासता उठून आली. हात राखेने भरलेले, कपाळावर केस आलेले. दारात उभं राहून तिने विचारलं, "काय वो, आत्या?"

नॅन्सी तिच्याकडे बघत राहिली. काही नाही, म्हणाली, नुसतं बघायचं होतं. ज्ञानेश्वरीला काही कळलं नाही, पण ती हसली आणि थोडा वेळ तशीच दारात उभी राहिली.