न वाजलेला ॲम्प्लिफायर

“नाडी सोड, कापू नको. सलीमानं हातानं शिवेल पिशवी हाये ते,” सईदभाई म्हणाले.

देवानंद मिस्त्रींनी उचललेली कात्री टेबलावर ठेवली आणि बायकोचे नाव एवढ्या मायेने घेणाऱ्या त्या वृद्धाकडे न पाहता गाठ नखाने सोडविली. लोणारच्या बसस्थानकामागील त्यांच्या दुकानात दिवसभर मिक्सर, पंखे आणि वरातीचे भोंगे येत असत. परंतु ज्या एका वस्तूची त्यांनी छत्तीस वर्षे वाट पाहिली होती, ती आज सुलतानपूरहून ऑटोरिक्षाच्या मागील आसनावर बसून आली होती. गिटारचा तो विलायती, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. तो आतून सडलेला असावा, एवढीच त्यांची मनोमन इच्छा होती.

किसनरावांच्या ऑर्केस्ट्रामध्ये सईद गिटार वाजवीत असे आणि देवानंद यंत्रे सांभाळीत असे. पिंपळगाव राजापासून मेहकरपर्यंत, मेटॅडोरच्या प्रत्येक खड्ड्यात, हा ॲम्प्लिफायर देवानंदांच्या मांडीवर असे. त्याच्या तारांचा प्रत्येक टाका त्यांनी स्वतःच्या हाताने डागलेला होता. मात्र ऑर्केस्ट्रा मोडला त्या दिवशी किसनराव सर्वांसमक्ष म्हणाले, “गिटार सईदची, तं हा डब्बाबी सईदच्याच घरी राहू द्या.” त्या क्षणी देवानंदांच्या अंतःकरणात जो निखारा पडला, तो पुढे कधी विझला नाही. त्यांनी सईदशी बोलणे सोडले. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी ते आपल्या चपलांकडे पाहत पुढे जात. कोणी विषय काढलाच, तर म्हणत, “त्याच्यात आता उंदरं व्यायले असतीन.”

पिशवी खाली सरकली. आत धुतलेल्या धोतराचा तुकडा होता आणि त्याच्याही आत तो होता. निळ्या आवरणावर ओरखडा नव्हता. जाळीचे सोनेरी कापड जसेच्या तसे ताणलेले होते. कोपऱ्यांचे पितळ चमकत होते. मिस्त्रींनी मागची फळी उघडून विजेरी आत धरली. गंज नाही, जळमट नाही, वाळवीची मातीही नाही. केवळ कडुलिंबाचा सुकलेला पाला कागदाच्या पुडीत ठेवलेला.

मिस्त्रींच्या स्वतःच्या घरी दोन जुने रेडिओ वाळवीने खाल्ले होते. हे त्यांना आजच आठवावे, याचाही त्यांना राग आला.

“पाला दर वर्षी बदलतो काय, सईदभाई?”

“सलीमा बदलते. आधी तं तू मले सईद्या म्हने. आता भाई झालो.”

मिस्त्रींनी मुख्य तारेच्या वाटेत शंभर वॅटचा दिवा जोडला. जुने यंत्र ते थेट विजेवर कधीच लावीत नसत. आत बिघाड असला तर दिवा भडकून पेटतो आणि यंत्र वाचते. त्यांनी बटण दाबले. दिवा उजळला, मग मंद झाला. हळूहळू चारही व्हॉल्व्ह तांबूस झाले. त्यानंतर स्पीकरमधून जी घरघर उठली, तिने टेबलावरचे पेचकस थरथरू लागले.

सईदभाईंचा चेहरा उतरला. “गेला काय, देवाभाऊ?”

मिस्त्रींनी बटण बंद केले. काय झाले आहे, ते त्यांना आवाजावरूनच कळले होते. परंतु ओठांवर वेगळेच वाक्य तयार होते. ट्रान्सफॉर्मर जळला, भंगारात द्या. त्यांचे म्हणणे खोडून काढील असा माणूस साऱ्या जिल्ह्यात नव्हता. एका वाक्यात छत्तीस वर्षांचा हिशेब मिटला असता.

“किती वाजवला याले?” त्यांनी उगाच विचारले.

“एकदाबी नाई.”

“एकदाबी?”

“तुही शपथ.”

मिस्त्री हसले. ते हसणे चांगले नव्हते. “मंग तूच मारलं याले. याच्या आतल्या कंडेन्सरले वीज पाहिजे रायते. नाई भेटली तं वाळते तो. पाला कायले बदलत होता, महिन्यातून एक डाव बटण दाबलं असतं तं झालं असतं. मांडून ठेवाले नेला होता काय बे?”

सईदभाई बराच वेळ पिशवीची घडी घालीत राहिले.

“वाजवला असता तं कधी ना कधी बिघडला असता,” ते म्हणाले. “अन् बिघडल्यावर नेऊ कोनाकडं? तू तं मले पाहून रस्ता बदलत होता.”

“दुसरे मिस्त्री मेले होते काय?”

“तुह्या हातचे टाके हायेत त्यात. दुसऱ्याले हात लावू देऊ?”

बाहेर बस मागे घेताना वाहकाची शिटी वाजत होती. मिस्त्रींनी विजेरी पुन्हा आत धरली, खरे म्हणजे तोंड लपविण्यासाठी. टाके होते. बारीक, गोल, त्यांच्या तरुण हाताचे.

“मंग आजच काऊन आनला?”

सईदभाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो स्थिर राहत नव्हता. “डॉक्टर म्हनते, हे वाढतच जाईन. म्हटलं, देवा बोलो का नको बोलो, एक डाव ऐकून तं घ्यावा.”

मिस्त्रींनी साठलेली वीज उतरवून वाळलेला कंडेन्सर काढला. नवा त्याच्या अर्ध्याहून लहान होता. तो तसाच जोडला असता तर काम पाच मिनिटांचे होते. त्यांनी मात्र जुन्या कंडेन्सरची नळकांडी कापली, आतील वाळका लगदा कोरून टाकला, नवा कंडेन्सर तिच्या पोटात बसविला आणि सांधा असा घासला की केस शिरावा एवढीही फट दिसू नये.

“एवढी झिगझिग कायले? सरळ लाव ना.”

“दिसते मंग तो. चूप बस, सईद्या.”

दुपारी ॲम्प्लिफायर पुन्हा लागला. आता आत घरघर नव्हती. कोणी श्वास रोखून बसावे तशी शांतता होती. सईदने ऑटोतून आणलेली गिटार मांडीवर घेतली आणि ऑर्केस्ट्राची सलामीची धून काढली. तिसऱ्या तारेवर बोट घसरले, चौथ्या सुरावर हात कापला. तरीही स्वर गोल, उबदार, किंचित घोगरा असा दुकानभर पसरला.

त्या स्वराने मिस्त्रींना जुना डंख पुन्हा एकदा बसला, आणि तो सर्वांत खोल होता. यंत्र त्यांच्या घरी आले असते, तर हा स्वर कधीच आला नसता. त्यांना एकही तार वाजवता येत नव्हती. त्यांनी ते उघडले असते, पुसले असते, बंद केले असते. इतकी वर्षे ज्या गोष्टीसाठी ते जळले होते, ती गोष्ट त्या डब्यात नव्हतीच. ती या कापणाऱ्या बोटांत होती आणि तेथूनही आता निघून चालली होती.

धून अर्ध्यावर थांबली. सईदने हात दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरला.

दारात बेबीताई उभ्या होत्या. “मिस्त्री, माहा मिक्सर झाला काय?”

“उद्या या, ताई. आज दुकान बंद हाये.”

बेबीताईंनी उघड्या शटरकडे पाहिले, खोक्यासमोर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिले आणि त्या वळल्या.

“बटण बंद कर,” सईद म्हणाला. “नाई होत आता.”

“राहू दे चालू,” देवानंद म्हणाले आणि स्टूल त्याच्या शेजारी ओढून बसले.