वेदीचं शिंग

देवाचं घर माणसाच्या हातानं पडत नाही, असं उज्जीबाबा पुजारी चाळीस वर्षं सांगत आले होते. ते दुपारच्या जेवणाआधी पडलं. पाडायला आठ सैनिक होते, आणि त्यातल्या दोघांना जुलाब होत होते.

हेलेक त्या वेळी वेदीलाच बिलगून बसला होता. चार दिवसांपूर्वी तेलाच्या घाण्यावर दोर तुटला आणि दाब द्यायला तुळईला टांगलेला दगड शिम्रीच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर आला. डोकं घाण्यातल्या जैतुनाच्या फळासारखं फुटलं. दोर हेलेकच्या हातात होता. अंगावरचं तेल नि रक्त न पुसता तो धावत टेकडी चढला आणि वेदीच्या चार कोपऱ्यांवरच्या चार दगडी शिंगांपैकी जवळचं त्यानं घट्ट धरलं. शिंग धरलेल्याला कुणी हात लावत नाही. भावाच्या रक्ताचा सूड घ्यायला शिम्री मागोमाग आला आणि हद्दीच्या दगडांबाहेर कोयता घेऊन बसला. माणूस भाविक होता.

"हात अवघडले असतील रे," तो बाहेरून म्हणायचा. "सोड की जरा वेळ."

"तुझा कोयता गंजला असेल. घरी जाऊन घासून आण."

पाचव्या दिवशी, म्हणजे त्याच दिवशी, गावची वडीलधारी मंडळी वर येणार होती. दोर सडका होता, हेलेकच्या मनात काही नव्हतं, असं उज्जीबाबा वेदीसमोर शपथेवर सांगणार होते. मग शिम्रीला मुकाट्यानं घरी जावं लागलं असतं.

पण मंडळींच्या आधी सैनिक पोचले. अंमलदारानं राजाचा हुकूम सांगितला: परमेश्वर यापुढे फक्त यरुशलेमातल्या मंदिरात राहील, बाकीची देवस्थानं पाडायची.

"त्याला विचारलंत का?" उज्जीबाबा म्हणाले.

भाल्याच्या दांड्यानं त्यांचे पुढचे दात पडले. बरगडीत दोन लाथा बसल्यावर त्यांच्या शंका संपल्या. मग सैनिकांनी पूजेचे उभे दगड घणांनी फोडले, वेदीशेजारी पुजला जाणारा देवीचा लाकडी खांब पेटवला. बळीसाठी बांधलेल्या बोकडाच्या पोटात कुणीतरी उगाच भाला खुपसला. तो आतडी ओढत, ओरडत सगळीकडे फिरला. शेवटी मागच्या थडग्यांतली हाडं उपसून त्यांनी वेदीवर ओतली, हेलेकच्या डोक्यावरूनच.

"ए, ऊठ," अंमलदार म्हणाला.

"सरकार, मी शिंग धरलंय."

"दिसतंय. यरुशलेमात जाऊन धर. तिथलं मोठं आहे."

"दोन दिवसांची वाट आहे सरकार. आणि हा बाहेर बसलाय."

अंमलदारानं पाहिलं. शिम्री अदबीनं उठून उभा राहिला.

"तो तुमचा घरचा मामला," अंमलदार म्हणाला आणि त्यानं घणवाल्याला खूण केली.

पहिल्या घावात हेलेकची दोन बोटं चेचली. दुसऱ्यात शिंग तुटून त्याच्या मांडीवर आलं. तरीही त्यानं ते सोडलं नाही.

"सरकार, एक विचारू?" शिम्री हद्दीवरून म्हणाला. "ही जागा आता पवित्र नाही ना?"

"हाडं टाकली, घाण केली. आता तुझ्या अंगणासारखी."

"आमच्या अंगणात हाडं नसतात," शिम्री जरा दुखावून म्हणाला. मग वहाणा न काढताच आत आला.

कोयत्याचा घाव हेलेकच्या खांद्यात हाडापर्यंत गेला. कोयता उपसायला शिम्री वाकला, तेवढ्यात हेलेकनं दोन्ही हातांनी शिंग उचललं आणि त्याच्या कपाळावर घातलं. शिम्री गुडघ्यांवर बसला. हेलेकनं पुन्हा घातलं. शिम्री आडवा झाल्यावरही, चेहरा ओळखू येईनासा होईपर्यंत, तो घालतच राहिला. घाण्यावर त्याच्या मनात काही नव्हतं. इथं होतं.

सैनिक हे सगळं उभ्यानं पाहत होते. अंमलदारानं त्यांना पुढच्या टेकडीकडे हाकललं. संध्याकाळपर्यंत आणखी एक देवस्थान उरकायचं होतं.

वडीलधारी मंडळी धापा टाकत वर आली. समोर दगडांचा ढीग होता, तोंडाला फडकं लावलेले उज्जीबाबा होते, आणि रक्तानं भरलेलं शिंग छातीशी धरून बसलेला हेलेक होता.

"दोर खरंच सडका होता," हेलेक म्हणाला.

शिम्रीला आणखी तीन भाऊ होते.