सासूबाईंची कॉइल

स्वयंपाकघरात माणसं इतकी दाटली होती, की कुणी डब्यांच्या फळीवर चढून बसलं असतं तरी नवल नव्हतं. मधोमध विजेची शेगडी, सासूबाई गेल्यापासून रुसलेली. मांत्रिक ज्वालाबाबांनी तिच्या डाव्या कॉइलवर हंडा ठेवला, बटण फिरवलं, झाकणावर तळहात टेकला आणि पुटपुटायला सुरुवात केली. कॉइल लालबुंद!

सगळा शेजार हात जोडून उभा.

बाबांनी बटण बंद केलं. कॉइल विझल्यावर घरच्या सुनेला म्हणाले, "आता तू."

तिनं तोच हंडा ठेवला, बटण फिरवलं. कॉइल काळी ती काळीच.

"बघा! सासू गेली, पण जीव शेगडीत अडकलाय. वीजही देवताच, बरं का! ती मीटर बघून नाही, मन बघून येते. अंधार पडायच्या आत ही बाहेर गेली नाही, तर घर पेटेल!"

सासऱ्यांनी सुनेची बॅग आधीच दारात आणून ठेवली होती. नवऱ्याला छतावरची पाल न्याहाळायचं तातडीचं काम निघालं होतं.

पण सुनेनं एक गोष्ट टिपली होती. मंत्र म्हणताना बाबांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. आशीर्वादाला एवढा जोर कशाला लागतो?

"मामंजी, जाते मी. पण एकदा शेगडी पुसू द्या. सासूबाई रोज कॉइल उपसून खालची ताटली पुसायच्या. मीही रोज पुसीन, असं वचन दिलंय त्यांना."

सासऱ्यांनी फडकं पुढे केलं. "पूस, बाई."

"हात लावू नकोस! भस्म होशील!" बाबा कडाडले.

"होऊ दे की. तुमचंच काम हलकं होईल."

तिनं मेन स्विच बंद केला. शेगडी निवेपर्यंत थांबली. मग डावी आणि उजवी, दोन्ही कॉइल उपसून तिनं ताटल्या पुसल्या आणि बसवताना डावी उजवीकडे, उजवी डावीकडे केली. मेन सुरू. डावं बटण फिरवलं.

कॉइल हळूहळू लाल झाली. तिच्याच हातानं!

मग उजवं बटण फिरवलं. उजवीकडची मात्र आता ढिम्म.

"अगंबाई, सासू पलीकडे सरकली की काय?" शेजारच्या आजी म्हणाल्या.

"मामंजी, त्या कॉइलवर हंडा ठेवून जरा दाबा. मंत्र नका म्हणू."

त्यांनी दाबलं. लाल! हात काढला, विझली.

मेन बंद करून, शेगडी निवल्यावर तिनं ती कॉइल पुन्हा उपसली. टोकं काळी, खड्डे पडलेली. "रोज उपसून टोकं सैल झाली, ठिणग्या उडून जळली. दाबलं की टेकतात, सोडलं की सुटतात. कॉइल झिजलीय, बदलायची. अशीच वापरली असती, तर घर खरंच पेटलं असतं. बाबा, दाबायचं तुम्हाला कधी उमगलं हो?"

उत्तर द्यायला बाबा जागेवर होतेच कुठे? पळताना बॅगेला अडखळून पायऱ्यांवर साष्टांग पडले होते. सासऱ्यांनी बॅग उचलली ती सुनेच्या खोलीत नेऊन ठेवायला.

"मी एकदा तरी दाबून बघायचं होतं गं," ते म्हणाले. खाली बघत.

नवी कॉइल बसली, चहा झाला. नवऱ्याला त्या दिवशी मिळाला नाही.

मंडळी, शेगडी पेटेना, तर मेन बंद करा आणि शेगडी तपासा. घरातलं माणूस बाहेर काढून आजवर एकही कॉइल तापलेली नाही.